नियामक खात्याने सुधारणेच्या प्रयोगासाठी निधी कसा मागावा आणि कसा खर्चावा: गोव्यातल्या कार्यालयांसाठी

परवाने देणारे, तपासणी करणारे किंवा नमुने घेणारे खाते उद्योगाला खरी मदत करू शकते. नियम कशासाठी आहे हे त्याने पुन्हा तपासावे आणि तोच हेतू कमी वेळात, कमी खर्चात, तितक्याच खात्रीने साधतो का हे प्रत्यक्ष करून पाहावे. नियम ढिला करून कोणाचेच भले होत नाही. आज सवलत घेणारा उद्योजकही उद्या एखादी दुर्घटना घडली की बाजारातून बाहेर फेकला जातो. पण असे करून पाहायला माणसे, चाचण्या, उपकरणे आणि कायद्याचा सल्ला लागतो. पगार, पेट्रोल आणि स्टेशनरी यांपुरत्याच तरतुदीत चालणाऱ्या कार्यालयाकडे त्यासाठी पैसा नसतो.

काही देशांनी यासाठी वेगळा निधी ठेवला आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये ‘रेग्युलेटर्स पायोनियर फंड’ सुरू केला. पहिल्या फेरीत १ कोटी पौंडांतून १५ प्रकल्पांना पैसा मिळाला आणि २०२१ च्या दुसऱ्या फेरीत ३७ लाख पौंडांतून २१ प्रकल्पांना. कॅनडात ट्रेझरी बोर्डाच्या सचिवालयात नियामक नवकल्पनांसाठी केंद्र आहे आणि तिथे दोन वेगळ्या थैल्या आहेत. ‘रेग्युलेटर्स कपॅसिटी फंड’ आर्थिक परिणाम आणि स्पर्धाक्षमता तपासण्याची कुवत नियामकांत आणतो, तर दुसरा निधी प्रत्यक्ष प्रयोगाचा खर्च उचलतो. ही विभागणी ध्यानात ठेवा. विश्लेषणाचा पैसा आणि प्रयोगाचा पैसा एकाच आकड्यात कोंबला की मंजुरीच्या वाटेवर पहिली कात्री विश्लेषणावर चालते. मग प्रयोग होतो, पण त्यातून काय सिद्ध झाले ते कोणालाच सांगता येत नाही.

आपल्याकडे हा पैसा एका नावाच्या निधीतून सहसा येत नाही, तो वेगवेगळ्या दारांनी येतो. त्या दारांकडे जाण्याआधी हातात प्रश्न हवा.

प्रश्न ठरवणे

‘खात्याचे आधुनिकीकरण’ या नावाचा प्रस्ताव पर्वरीच्या सचिवालयात जातो, दोन टेबलांवर फिरतो आणि संगणक व प्रिंटर यांपुरता मंजूर होऊन परत येतो. त्यात विचारलेले काही नसते, म्हणून देणाऱ्यालाही यंत्रांची यादी तेवढी दिसते. प्रस्तावाचा गाभा एकच वाक्य असावे. कोणता नियम किंवा कोणती कार्यपद्धती, कोणासाठी, कशी बदलून पाहायची, आणि सुरक्षिततेचा कोणता आकडा त्यात जागचा हलू द्यायचा नाही, हे त्या एका वाक्यात यावे.

काजूच्या फेणीचे उदाहरण घेऊ. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण बनवणारे बहुतेक अजूनही लहान भट्टीवाले आहेत. समजा, बाटलीबंद करण्याआधी प्रत्येक खेपेचा प्रयोगशाळेचा दाखला मागायचा असा विचार आहे. ग्राहकाच्या दृष्टीने तो योग्यच. पण अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ नुसार अन्न विश्लेषकाला अहवालासाठी १४ दिवसांची मुदत आहे. फेणी साठवता येते, ती थांबेल. हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची सौम्य दारू, थांबत नाही. तो हंगामातच प्यायचा, फार टिकत नाही. १४ दिवसांनी दाखला येईपर्यंत माल संपलेला असतो आणि दाखला फाइलला लागतो. म्हणजे एकच नियम दोन्हींना लावला तर एका ठिकाणी तो संरक्षण देतो आणि दुसऱ्या ठिकाणी फक्त कागद वाढवतो.

यातून निघणारा प्रश्न असा: भट्टीवर हातात धरायच्या घनतामापकाने मोजलेले अल्कोहोलचे प्रमाण प्रयोगशाळेच्या आकड्याशी ०.५ टक्क्याच्या आत जुळते का? जुळत असेल तर तीव्रता जागेवरच तपासून, मिथेनॉल आणि तांबे हे सुरक्षिततेचे घटक तेवढे प्रयोगशाळेत ठरावीक प्रमाणात तपासले तर ग्राहकाची खात्री तितकीच राहते का? या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे येऊ शकते. उत्तर ‘नाही’ आले तरी पैसा वाया गेला असे होत नाही, कारण चुकीचा नियम राजपत्रात जाण्याआधी थांबतो. प्रस्तावातच हे लिहून ठेवा, म्हणजे नंतर लेखापरीक्षणात ‘अपेक्षित फलनिष्पत्ती झाली नाही’ असा शेरा आला तर उत्तर द्यायला आधार राहतो.

इतर खात्यांचे प्रश्नही याच घडणीचे करता येतात. वजनमाप खात्याला विचारता येईल की म्हापशाच्या बाजारातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यांची दर १२ महिन्यांची पडताळणी ठरल्या दिवशी बाजारातच केली तर चुकीच्या काट्यांचे प्रमाण कमी होते का. कारखाने आणि बाष्पक खात्याला वेर्ण्याच्या औषध कारखान्यांसाठी जोखमीनुसार तपासणीचा क्रम लावून पाहता येईल.

कायदा कुठपर्यंत हात देतो

हे काम प्रस्तावाच्या आधी करायचे असते. बहुतेक ठिकाणी ते पैसे मिळाल्यावर होते आणि तिथेच गाडी अडते.

तुमची अडचण तीन थरांपैकी कुठे आहे ते पाहा. मूळ कायद्यात असेल तर खात्याच्या पातळीवर प्रयोग करता येत नाही, विधानसभा किंवा संसद लागते. नियमांत असेल तर सरकारला अधिसूचनेने बदल करता येतो, पण मसुदा प्रसिद्ध करणे, हरकती मागवणे आणि विधी खात्याची तपासणी यांत सहज काही महिने जातात. तिसरा थर परिपत्रके, अर्जाचे नमुने आणि ‘आमच्याकडे असेच चालते’ याचा. उशीर सर्वांत जास्त याच थरात साठलेला असतो, आणि खातेप्रमुख एका आदेशाने तो बदलू शकतात. म्हणून पहिला प्रयोग तिसऱ्या थरातला निवडावा, हे आमचे ठाम मत आहे.

मूळ कायद्यात सूट देण्याचे कलम आहे का ते शोधा, आणि असेल तर ती सूट कोण देऊ शकतो, किती काळासाठी आणि कारणे नोंदवून की न नोंदवता, हे तिन्ही मुद्दे टिपणात घ्या. दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम २७ मध्ये नियामक चाचणीक्षेत्राची (नवी पद्धत ठरावीक मर्यादेत करून पाहण्याच्या मुभेची) थेट तरतूद आहे. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये अशाच चाचणीक्षेत्राची चौकट जाहीर केली. राज्याच्या जुन्या कायद्यांत असे कलम क्वचित सापडते. नसेल तर प्रयोग ‘समांतर’ ठेवायचा. जुनी पद्धत जशीच्या तशी चालू राहते, नवी तिच्या शेजारी चालते आणि फक्त आकडे गोळा होतात. त्यासाठी कोणतीही सूट लागत नाही. फेणीचा प्रयोग याच प्रकारचा आहे.

आजची स्थिती मोजणे

आज किती वेळ लागतो हे ठाऊक नसेल तर उद्या किती वाचला ते सांगता येत नाही. प्रस्तावाला जोडायचे आकडे मागच्या वर्षाच्या फाइलींतून काढा. एक सोपी रीत आहे: आवक नोंदवहीतली प्रत्येक पाचवी फाइल घ्या आणि चार तारखा लिहा. अर्ज आला कधी, पहिली त्रुटी काढली कधी, अर्जदाराने ती दूर केली कधी, निर्णय बाहेर पडला कधी. दोन माणसे आठवडाभरात शंभर फाइली पाहू शकतात.

इथे एक खाच आहे. जलप्रदूषण कायदा, १९७४ च्या कलम २५(७) नुसार अर्ज सर्व बाबतींत पूर्ण झाल्यापासून चार महिन्यांत निर्णय झाला नाही तर प्रदूषण नियंत्रण मंडळाने संमती दिली असे मानले जाते. ‘पूर्ण झाल्यापासून’ या शब्दांमुळे कार्यालयाचे घड्याळ आणि अर्जदाराचे घड्याळ वेगळे चालते. कार्यालय म्हणते ४० दिवस लागले, अर्जदार म्हणतो सात महिने, आणि दोघेही खरे बोलत असतात. मधला काळ त्रुटींच्या पत्रांत गेलेला असतो. म्हणून दोन्ही घड्याळे लिहा, आणि त्रुटी किती वेळा निघाली तेही. एकाच अर्जावर तीनदा त्रुटी निघत असेल तर दोष बहुधा अर्जाच्या नमुन्यात आहे. तो नमुना सुधारायला निधी लागतच नाही. असे निघाले तर ते लगेच करून टाका आणि उरलेल्या अडचणीसाठी पैसा मागा. वित्त खात्याला अशा प्रस्तावावर विश्वास बसतो.

पैसा कुठून

स्वतःचे उत्पन्न असलेल्या मंडळांना पहिले दार घरातच आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निधी कायद्यानेच वेगळा असतो. संमती शुल्काच्या उत्पन्नातून छोटा प्रयोग मंडळाच्या ठरावाने करता येतो, सचिवालयाची वाट पाहावी लागत नाही.

सरकारी खात्यांना राज्याचा अर्थसंकल्प हा मुख्य मार्ग. चालू लेखाशीर्षात शिल्लक असेल तर पुनर्विनियोजन (एका बाबीचा उरलेला पैसा दुसरीकडे वळवणे), नसेल तर पुरवणी मागणी किंवा पुढच्या वर्षाच्या अंदाजात नवी बाब. नवी बाब म्हटली की प्रश्न वाढतात, त्यामुळे प्रश्नाचे एक पान आणि फाइलींच्या तारखांचा तक्ता सोबत असणे फार उपयोगी पडते.

केंद्राच्या भांडवली गुंतवणुकीसाठीच्या विशेष साहाय्य योजनेतून राज्यांना ५० वर्षांचे बिनव्याजी कर्ज मिळते. २०२०-२१ पासून ती चालू आहे आणि तिचा काही भाग सुधारणांशी जोडलेला असतो. पण तो पैसा भांडवली कामांचा आहे. इमारत, उपकरणे, प्रयोगशाळा बसते, चाचणी शुल्क आणि कंत्राटी माणसांचे मानधन बसत नाही. हा फरक न पाहता सगळा प्रकल्प त्यात घातला की यंत्र येते आणि चालवणारा येत नाही.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी जागतिक बँकेच्या साहाय्याचा ‘रॅम्प’ कार्यक्रम ६,०६२.४५ कोटी रुपयांचा आहे. त्यात राज्य आपली गुंतवणूक योजना देते, म्हणून तुमचा प्रश्न लहान उद्योगांशी जोडलेला असेल तर उद्योग खात्याशी बोलून तो त्या योजनेत बसतो का ते पाहा. उद्योग खात्याला अशा कामांचे आकडे दाखवायचे असतात आणि तुम्हाला पैसा हवा असतो, त्यामुळे बोलणी सहसा सोपी जातात.

केंद्र पुरस्कृत योजनेचा पैसा त्या योजनेसाठी ठरवून दिलेल्या व्यवस्थेतूनच खर्चावा लागतो; १ जुलै २०२१ पासून यासाठी एकल नोडल खात्याची (प्रत्येक योजनेला राज्यात एकच बँक खाते) पद्धत सुरू झाली. स्वतंत्र बँक खाते उघडून पैसे तिथे वळवू नका, पुढे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) अडते.

अंदाजपत्रक

पुढचे आकडे फेणीच्या प्रयोगाचा नमुना म्हणून मांडले आहेत. दर तुम्ही कोटेशन घेऊन बदला, पण मांडणी अशीच ठेवा. प्रत्येक रकमेमागे संख्या गुणिले दर असावे, ‘एकरकमी’ हा शब्द कुठेही नको.

४० भट्ट्या, १० आठवडे, दर आठवड्याला प्रत्येकी एक नमुना म्हणजे ४०० नमुने. त्यांवर १० टक्के दुहेरी नमुने (४०) आणि १० टक्के ज्यांचे प्रमाण आधीच माहीत आहे असे नमुने (४०), एकूण ४८०. दर २,००० रुपये धरला तर ९.६० लाख. वरचे ८० नमुने ‘अनावश्यक’ म्हणून कापायचा प्रयत्न नक्की होईल. तो होऊ देऊ नका. प्रयोगशाळेचाच आकडा बरोबर आहे की नाही ते या ८० नमुन्यांमुळेच कळते, ते नसतील तर सगळी तुलना हवेत राहते.

चार घनतामापके, प्रत्येकी २.५० लाख, एकूण १० लाख. दोन पथकांकडे दोन, तुलनेसाठी प्रयोगशाळेत एक, आणि एक राखीव. दोन क्षेत्र-साहाय्यक, १० महिने, ३०,००० प्रमाणे ६ लाख. दोन गाड्या, ६० दिवस, रोज २,५०० प्रमाणे ३ लाख. माहिती भरण्याची प्रणाली २.५० लाख. प्रशिक्षण १.५० लाख. नियमाच्या मसुद्यासाठी कायद्याचा सल्ला १ लाख. स्वतंत्र मूल्यमापन ३ लाख. बेरीज ३६.६० लाख. ५ टक्के आकस्मिक १.८३ लाख धरून ३८.४३ लाख.

प्रयोगशाळेसाठी नवे मोठे यंत्र यात मुद्दाम घातलेले नाही. ४८० नमुन्यांसाठी यंत्र घेण्यापेक्षा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला शुल्क देणे स्वस्त पडते. शिवाय गॅस क्रोमॅटोग्राफ घेतला की त्याच्या मागे वायूची सिलिंडरे, वातानुकूलन, यूपीएस, अर्थिंग, कॉलम, वार्षिक देखभाल करार आणि प्रशिक्षित विश्लेषक येतात. यंत्र खोक्यात आणि खोलीच्या विद्युतकामाची फाइल सार्वजनिक बांधकाम खात्यात, अशी स्थिती होते ती कोणाच्या आळसामुळे नव्हे, खरेदी आणि जागा यांच्या मंजुऱ्या वेगवेगळ्या मागितल्यामुळे. यंत्र घ्यायचेच असेल तर ‘जागा तयार’ असा दाखला मिळाल्यावरच खरेदीचा आदेश निघेल, अशी अट स्वतःच घालून घ्या.

तारखांचा पेच

गोव्यात हा भाग सर्वांत जास्त बिघडतो. काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारी-मार्चला सुरू होऊन मेपर्यंत चालतो आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. म्हणजे भट्ट्या ऐन भरात असताना पैसा रद्द होतो. त्यात विधानसभा निवडणुकांकडे पाहा: ३ मार्च २०१२, ४ फेब्रुवारी २०१७, १४ फेब्रुवारी २०२२. आचारसंहितेच्या काळात नव्या मंजुऱ्या आणि नवी टेंडरे अडतात. फेब्रुवारीत आदेश काढू असे ठरवलेल्या प्रकल्पाचा एक हंगाम गेलाच म्हणून समजा.

त्यामुळे मंजुरी सुरुवातीलाच दोन वर्षांची मागा आणि खर्च दोन भागांत दाखवा. वरच्या अंदाजपत्रकाची विभागणी अशी होते. पहिल्या वर्षात घनतामापके १० लाख, प्रणाली २.५०, प्रशिक्षण १.५०, साहाय्यकांचे ऑक्टोबर ते मार्च सहा महिने ३.६०, मार्चच्या चार आठवड्यांचे चाचणी शुल्क ३.८४, गाड्या १.२०, मूल्यमापनाचा पहिला हप्ता १, एकूण २३.६४ लाख. दुसऱ्या वर्षात साहाय्यक २.४०, चाचण्या ५.७६, गाड्या १.८०, कायदा १, मूल्यमापन २, आकस्मिक १.८३, एकूण १४.७९ लाख. प्रयोगशाळेशी करार दर आठवड्याच्या बिलाचा करा. हंगाम संपल्यावर एकच बिल येणार असेल तर पहिल्या वर्षाचे ३.८४ लाख परत जातात आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा मागावे लागतात.

मागून मोजत या: पहिला नमुना मार्चच्या पहिल्या आठवड्यात, दोन आठवडे आधी पथकांची भट्टीवर रंगीत तालीम, उपकरणे डिसेंबरअखेर हातात, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरची बोली सप्टेंबरात. जूनपासूनचा पावसाळा मैदानी कामाला निरुपयोगी असला तरी कागदासाठी उत्तम. मसुदे, संमतीपत्रे, करार तेव्हा उरकून घ्या. गणेशचतुर्थीच्या आसपास फाइल हलत नाही, ते दिवस हिशेबात धरा.

भट्टीवर

४० भट्ट्या सत्तरी, डिचोली, पेडणे आणि काणकोणमधून घ्या आणि नावे चिठ्ठ्या टाकून ठरवा. २५ ठिकाणी भट्टीवाला स्वतः पथकाचे घनतामापक वापरेल, १५ ठिकाणी त्याची नेहमीची रीत राहील. आपल्या ओळखीचे, सहकार्य करणारे भट्टीवाले निवडले तर निकाल छान येतो आणि नियम राज्यभर लागू केल्यावर कोसळतो.

मोजणीत तापमान घात करते. द्रवात तरंगणारा काचेचा अल्कोहोलमापक २० अंश सेल्सिअसला आखलेला असतो. द्रव गरम असला की तो पातळ होतो, मापक जास्त खोल बुडतो आणि तीव्रता जास्त दिसते. ४० टक्क्यांच्या आसपासचा माल ३० अंशांवर मोजला तर सुमारे ४ टक्के जास्त आकडा येतो. एप्रिलच्या दुपारी, नुकत्याच उतरलेल्या मालात फरक याहूनही मोठा पडतो. भट्टीवाले ग्राव (तीव्रतेचे पारंपरिक माप) सांगतात तेव्हा त्यांच्या अनुभवात ही दुरुस्ती पुष्कळदा आपोआप असते, पण कागदावर ती नसते. म्हणून प्रत्येक वाचनाशेजारी तापमानाचा रकाना सक्तीचा ठेवा आणि तो रिकामा असलेला नमुना बाद करा.

नमुना लावणीतला (उतरलेली दारू जमा होणाऱ्या भांड्यातला) पूर्ण माल एकजीव ढवळून घ्यायचा. नळीतून येणारी पहिली धार घेऊ नका, तिचे घटक वेगळे असतात. बाटली काचेची, २५० मिलिलिटरची, टेफ्लॉनच्या अस्तराच्या झाकणाची, जवळजवळ काठोकाठ भरलेली हवी. लेबलवर पेन्सिलने लिहा. मार्करची शाई अल्कोहोलने पुसली जाते, आणि नंबर पुसलेली बाटली म्हणजे २,००० रुपये आणि एक आठवड्याचे वाचन गेले. पथक अबकारी खात्याचे असले तरी नमुने नेण्याची लेखी परवानगी गाडीत ठेवा, नाक्यावर विचारणारा दुसरा कोणी असतो.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. नमुना नापास झाला तर काय? हे आधी लिहून दिले नाही तर कोणी भट्टीवाला दार उघडणार नाही, आणि ते बरोबरच आहे. कारवाईचा अधिकार खात्याला सोडून देता येत नाही, तसे आश्वासन देऊही नये. पण प्रयोगाचा नमुना कायद्याच्या रीतीने घेतलेला नसतो. अन्न सुरक्षा कायद्याखाली कारवाईच्या नमुन्याचे चार भाग करून सील करावे लागतात, इथे तसे होत नाही. म्हणून हा नमुना पुरावा म्हणून वापरला जाणार नाही, एवढे विधी खात्याच्या अभिप्रायाने लिहून देता येते. त्याबरोबर दुसरी अटही लिहा. सुरक्षिततेचा घटक मर्यादेबाहेर निघाला तर ती खेप विकायची नाही, ४८ तासांत पुन्हा तपासणी, आणि तरीही बाहेरच निघाली तर नष्ट करायची. तीव्रता तेवढी चुकली असेल तर सल्ला द्यायचा, माल रोखायचा नाही. हे एका पानात, मराठीत आणि कोकणीत, मोठ्या अक्षरांत छापा, मोठ्याने वाचून दाखवा आणि मग सही घ्या. नमुना घेणारा आणि त्याच भागात छापा घालणारा अधिकारी एकच नसावा.

थांबण्याची अटही आधीच ठरवा. सलग दोन आठवडे ५ टक्क्यांहून जास्त वाचने प्रयोगशाळेशी जुळली नाहीत तर काम थांबवून उपकरण, तापमान आणि प्रशिक्षण या क्रमाने कारण शोधायचे.

निकाल, नियम आणि हिशेब

मूल्यमापन करणारी संस्था पहिला नमुना घेण्याआधी नेमा. आकडे आल्यावर नेमलेली संस्था आकड्यांना साजेसा प्रश्न शोधते. निकालाची कसोटीही आधीच फाइलवर हवी: ९५ टक्के वाचने ०.५ टक्क्याच्या आत आली तर नियमाचा मसुदा, ९० ते ९५ असेल तर आणखी एक हंगाम, त्याखाली गेले तर प्रस्ताव बंद. सोबत भट्टीवाल्याचा वाचलेला वेळ आणि खर्च मोजा, कारण स्पर्धाक्षमतेचा पुरावा तोच आहे. वाळपईहून बांबोळीच्या प्रयोगशाळेत नमुना घेऊन जायचा एक दिवस, त्या दिवसाची बुडालेली भट्टी, गाडीभाडे, शुल्क हे सगळे रुपयांत लिहा. अहवालात भट्टीवाल्यांची नावे येऊ देऊ नका, क्रमांक पुरेत.

मसुदा मे महिना संपण्याआधी विधी खात्याकडे गेला पाहिजे. हरकतींची मुदत आणि छपाई धरली तरच पुढच्या हंगामाआधी अधिसूचना निघते.

केंद्राच्या अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ च्या नमुन्यात द्यावे लागते, राज्य सरकारच्या खात्यासाठी १२-सी, स्वायत्त संस्थेसाठी १२-ए. आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांची मुदत असते, पण शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबलात तर पुढचा हप्ता अडतो. अनुदानावर बँकेत जमा झालेले व्याज तुमचे नाही, ते परत भरायचे असते. प्रयोगाला कमी पडले म्हणून व्याजातून खर्च करणे ही लेखापरीक्षणात हमखास सापडणारी चूक आहे. चारही घनतामापके क्रमांकासह मालमत्ता नोंदवहीत चढवा, आणि त्यांच्या वार्षिक अंशशोधनाचा (अचूकता तपासून जुळवून घेण्याचा) खर्च प्रकल्पाच्या शेवटच्या वर्षातच खात्याच्या नियमित अंदाजात मागा. ती रक्कम लहान असते, पण ती मागितली नाही तर तिसऱ्या हंगामात भट्टीवाल्याच्या हातात अंशशोधन न झालेले उपकरण आणि कागदावर नवा नियम, अशी वेळ येते.